सातवा फर्मा

माझं इंग्रजी सोळा पानांचं आहे. सत्त्याण्णव ते एकशे बारा. त्याच्या आधीचं आणि नंतरचं मला काही येत नाही, आणि आता या वयात शिकायची हौसही नाही. नातवंडं मुद्दाम विचारतात, "आजी, कुणी 'हाऊ आर यू' म्हटलं तर काय म्हणायचं?" मी सांगते, ते पहिल्या फर्म्यात होतं आणि पहिला फर्मा दुसऱ्या बाईकडे होता. मला 'हे मला समजावून सांगा' विचारा, 'हे त्याच्याकडून काढून घ्या' विचारा, 'याचा दोष तिला देऊ नका' विचारा. तिथे मी अडायची नाही.

मी पुस्तकं बांधायच्या कामाला होते. खाली छापखाना, वर आमचं बाइंडिंगचं खातं, आणि खात्यात आम्ही अकरा बायका. खालची यंत्रं सुरू झाली की वरची फरशी तळपायांना गुदगुल्या करायची. खालून मोठाले छापील कागद गठ्ठ्यांनी वर यायचे. एका कागदावर एका बाजूला आठ पानं, दुसऱ्या बाजूला आठ. तीन घड्या घातल्या की सोळा पानांची लहानशी वही होते. त्या कागदाला फर्मा म्हणायचं. नुसता उघडा फर्मा बघितला तर डोकं फिरतं. निम्मी पानं सरळ, निम्मी डोक्यावर उभी, आकड्यांच्या क्रमाचा पत्ता नाही, सत्त्याण्णवच्या शेजारी एकशे बारा. पण घड्या बरोबर पडल्या की सगळी पानं गुमान रांगेत येतात.

घडी दाबायला आमच्याकडे हाडाची पट्टी असायची, बोटभर रुंद, वापरून वापरून लोण्यासारखी गुळगुळीत. माझी पट्टी अजून माझ्याजवळ आहे. पाकिटं फोडायला वापरते.

कामाची वाटणी ठरलेली असे. एका बाईला एक फर्मा, ते पुस्तक संपेपर्यंत तोच. शाळेचं एक इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक दरवर्षी आमच्याकडे यायचं, आठ हजार प्रती. त्यातला सातवा फर्मा दरवर्षी माझा. म्हणून खात्यात माझं नावच सात नंबर पडलं. "सात नंबर, जरा सरक." "सात नंबरच्या डब्यात आज काय आहे?" असं.

घड्या झाल्या की जुळणी. लांबलचक टेबलावर पहिल्यापासून शेवटच्या फर्म्यापर्यंत थप्प्या लावायच्या. आम्ही टेबलाभोवती चालत प्रत्येक थप्पीतला एक एक उचलायचा आणि टोकाला बसलेल्या मावशीच्या हातात पुस्तकाचा तो जुडगा द्यायचा. मावशी सगळ्यांची मावशी. एकतीस वर्षं त्या टोकाला बसलेली. अक्षरओळख नाही, पगाराला अंगठा. पण प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, आधीच्या फर्म्यापेक्षा जराशी खाली. सगळे फर्मे क्रमाने लागले की पाठीवर त्या खुणांचा जिना दिसतो. मावशी त्या जिन्यावरून अंगठा फिरवायची. एक पायरी चुकली तरी जुडगा टेबलावर परत. मान वर न करता म्हणायची, "कोण गं ती, पायरी गाळून उडी मारणारी?"

मी नवी असताना माझ्या घड्या तिरक्या पडायच्या. मुकादम ओरडायच्या आत मावशी त्या उलगडून पुन्हा घालायची. वर्षभर तिने हे केलं, आणि त्याबद्दल कधी एका शब्दाने बोलली नाही. हे मी इथे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यामुळे घडलं.

आता इंग्रजीचं. बिघडलेले फर्मे, शाई फासलेले किंवा चुरगळलेले, टेबलाखाली ढिगात पडायचे आणि रद्दीत जायचे. त्यातला एकही बाहेर न्यायचा नाही असा नियम होता. छापील कागद फाटकाबाहेर गेला की काम गेलं. फाटकावर पहारेकरी पिशव्या उघडून बघायचा. एकदा मी डब्याला गुंडाळून सातवा फर्मा घरी नेला. डबा तेलकट, कागद तेलकट, पहारेकऱ्याने नाक मुरडलं आणि जाऊ दिलं. पुढे तो कागद रोज डब्याभोवतीच ये-जा करायचा. का नेला? रोज हजार वेळा एखाद्या गोष्टीवरून हात फिरवायचा आणि ती काय म्हणते ते कळायचं नाही, याचा मला राग यायला लागला होता. दुसरं कारण नाही.

घरी सासरे होते. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, इंग्रजी पत्ते वाचण्यात आयुष्य गेलेलं, आणि आता दिवसभर पेपरातल्या चुका काढत बसलेले. त्यांच्यासमोर मी कागद पसरला. त्यांनी चष्मा चढवला, मान तिरकी केली, मग कागद फिरवला, मग स्वतः फिरले.

"सूनबाई, हे काय बांधून आणलंयस? निम्मं खाली डोकं वर पाय."

"तुम्ही त्या बाजूला बसा, मी या बाजूला बसते," मी म्हटलं. "तुमची चार पानं तुम्हाला सरळ, माझी चार मला."

असं आम्ही दोन वर्षं बसलो. संध्याकाळी, भाजी निवडून झाल्यावर, मध्ये तो कागद. पानांवर चौकटी होत्या. पहिल्या चौकटीत क्रियापद: दे, घे, दाखव, सांग, समजाव, दोष दे. दुसऱ्या चौकटीत मी, हिम, हर, अस, देम. तिसऱ्या चौकटीत टू, फ्रॉम, फॉर, अबाउट. एकेका चौकटीतला एकेक शब्द उचलायचा आणि वाक्य जुळवायचं. मला ते लगेच जमलं. जुळणीच होती ती, टेबलाभोवती न चालता.

सासरे त्यांच्या बाजूचं वाक्य मला द्यायचे, मी माझ्या बाजूचं त्यांना. "गिव्ह इट टू मी," ते म्हणायचे, आणि मी तांब्या द्यायचा. "टेक इट फ्रॉम हर," मी म्हणायची, आणि ते सासूबाईंच्या हातातलं लाटणं ओढायचे. सासूबाई वैतागल्या होत्या. "या घरात मीठ मागायचं तर आता परीक्षा पास व्हायला पाहिजे," असं शेजारी सांगत सुटल्या होत्या.

'एक्सप्लेन' पाशी माझी गाडी अडायची. मी 'एक्सप्लेन मी' म्हणायची आणि सासरे तळहात आपटायचे.

"गिव्हला माणूस चालतो. शोला चालतो. एक्सप्लेनचा नखरा वेगळा. तो माणसाला थेट भिडत नाही. मध्ये टू लागतो."

"आमच्या मुकादमासारखा?"

सासरे हसले. "तुमचा मुकादम मध्ये उभा राहून अर्धं गिळतो. टू बिचारा टपालवाला आहे. दिलं तसं पोचवतो."

मुकादमाचं खरंच तसं होतं. मालकांना इंग्रजी यायचं ते 'गुड मॉर्निंग' आणि 'थँक यू'. मधलं सगळं मुकादम. बाहेरची माणसं आली की तो मालकांच्या आणि त्यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसायचा. आमचं म्हणणंही मालकांपर्यंत त्याच्याच तोंडून जायचं, आणि पोचेपर्यंत ते आमचं राहायचं नाही.

तिसऱ्या वर्षी व्याकरणाच्या पुस्तकाच्या छपाईच्या प्लेटा झिजल्या म्हणून खाली नव्या केल्या. कागद वर आले, मी सवयीने घड्या घालू लागले. आकडे तेच, चौकटी त्याच. जुळणीच्या दिवशी मुकादमाने खुणा बघून थप्प्या लावल्या. टेबलाभोवती चालताना माझं लक्ष गेलं. माझा सातवा आठव्या जागी होता. शहाण्णवनंतर एकशे तेरा, मग पुढे कुठेतरी सत्त्याण्णव. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. पण ती पानं माझी पाठ होती.

मी मुकादमाकडे गेले. "सातवा आणि आठवा उलटे लागलेत."

त्याने एक जुडगा उचलला, पाठ बघितली. "जिना बरोबर आहे."

"जिना बरोबर आहे, पण पानं..."

"तू पानं वाचतेस?"

डब्याला गुंडाळलेला कागद डोळ्यांसमोर आला.

"तुझं काम घडी घालायचं," तो म्हणाला. "वाचायला शाळेतली पोरं आहेत."

मी परत आले तेव्हा मावशीने विचारलं, "काय म्हणत होता गं?" मी म्हटलं, "काही नाही." त्या 'काही नाही'ची मला अजून लाज वाटते. आठ हजार पुस्तकं मावशीच्या अंगठ्याखालून गेली. जिना पहिल्या पायरीपासून शेवटच्यापर्यंत चोख होता. खाली नव्या प्लेटा करणाऱ्याने सातव्याची खूण आठव्यावर आणि आठव्याची सातव्यावर टाकली होती, एवढंच.

दोन महिन्यांनी पुस्तकं परत आली. खोक्यांनी जिन्याखालची जागा भरली. खोक्यांच्या मागोमाग प्रकाशनाकडून एक बाई आली. उंच, खांद्याला चामड्याची पिशवी, फक्त इंग्रजी बोलणारी. मालक एरवी आमच्या खात्यात येत नसत, त्या दिवशी आले. आम्हाला सगळ्यांना भिंतीलगत उभं केलं. खुर्च्या तीन. बाई, मालक, मध्ये मुकादम.

बाईने एक पुस्तक उघडून दाखवलं आणि बरंच बोलली. मला त्यातलं फारसं कळलं नाही. तिची वाक्यं बाकीच्या फर्म्यांतली होती. मग मुकादम बोलला, आणि तो माझ्या पानांवर आला.

"आय वॉर्न्ड हर अबाउट इट," तो म्हणाला आणि मावशीकडे बोट केलं. "आय एक्सप्लेन्ड इट टू हर."

पान एकशे तीन. तिला मी याबद्दल बजावलं होतं. तिला मी हे समजावून सांगितलं होतं.

मग तो मालकांकडे वळला आणि आमच्या भाषेत हळहळून म्हणाला, "बाईंचं म्हणणं, ज्या हातून चूक झाली तो हात खात्यात नको. मी खूप सांगून बघितलं. पण मावशीचं वय झालं आता. डोळे गेलेत."

मालकांनी मावशीकडे बघितलं. "मावशी, काय म्हणायचंय?"

मावशीने पदर सारखा केला. "माझा जिना चुकला नव्हता," ती म्हणाली. तेवढंच. तिच्याजवळ दुसरा पुरावा नव्हता. जिना आता पुठ्ठ्याच्या आत गेला होता.

"पुस्तक चुकलंय, मग जिना कसा चुकला नाही?" मुकादम म्हणाला. "मालक, उद्यापासून टोकाला दुसरी बसवू."

मला दोन गोष्टी एकदम दिसत होत्या. बोलले नाही तर एकतीस वर्षं राबलेली मावशी उद्या घरी. बोलले तर पहिला प्रश्न येणार, हिला इंग्रजी कुठून आलं, आणि उत्तर माझ्या डब्याला गुंडाळलेलं. घरात माझा पगार बुडणं परवडणारं नव्हतं. नवरा फिरतीवर, सासऱ्यांचं निवृत्तिवेतन औषधांत जायचं. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. पण एक 'काही नाही' आधीच माझ्या नावावर होतं. दुसरं मला ठेवायचं नव्हतं.

मी भिंतीपासून पुढे आले. "डोन्ट ब्लेम हर फॉर इट," मी बाईला म्हटलं.

खात्यात कुणीतरी चिमटा खाली पाडला. मुकादमाची मान माझ्याकडे वळली ती तशीच राहिली.

"ही डिड नॉट वॉर्न हर अबाउट इट," मी म्हटलं. मग त्याच्याकडे बघून म्हटलं, "आय टोल्ड यू अबाउट इट."

"हिला काय कळतंय," मुकादम मालकांना म्हणाला. "पोपटपंची आहे."

मी बाईसमोर हात पुढे केला. "गिव्ह इट टू मी." 'प्लीज' माझ्या सोळा पानांत नव्हतं, म्हणून ते म्हणायचं राहून गेलं. तिने माझ्या हाताकडे बघितलं. घडीने घट्टे पडलेला हात. मग पुस्तक दिलं.

मी पुठ्ठा दोन्ही हातांनी धरला आणि फाडला. बाईच्या तोंडून एक आवाज निघाला. मालक अर्धे उठले. पाठीवरची जाळी ओढून काढली, वाळलेली खळ हाडाच्या पट्टीने खरवडली, आणि पाठ तिच्यासमोर धरली. खळीच्या पापुद्र्याखाली जिना होता. पायरीखाली पायरी, एकही न चुकलेली.

मी मावशीला हाक मारली. ती आली. तिने न बघता अंगठा वरून खाली फिरवला. "बरोबर आहे," ती म्हणाली.

मग मी पान शहाण्णव उघडलं आणि बाईला पुढचा आकडा दाखवला. एकशे तेरा. जिन्यावरची सातवी पायरी दाखवली, पुन्हा आकडा दाखवला. 'खूण' याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, नुसतं बोट टेकवलं. बाई हुशार होती. तिने खिडकीपाशी जाऊन पाठ उजेडात धरली, पायऱ्या मोजल्या, आकडे बघितले. मग तिने मुकादमाला ओलांडून मालकांना काहीतरी विचारलं. मुकादमाने ते भाषांतर केलं नाही. गरजही नव्हती. मालकांनी खालून नवी प्लेट मागवली. ती आली, बघितली, आणि मालकांचे कान लाल झाले.

"मावशी, जा तुझ्या जागेवर," ते म्हणाले. माफी वगैरे कुणी मागितली नाही. मावशी टोकाला जाऊन बसली आणि रिकाम्या टेबलावर हात ठेवून राहिली.

मग मुकादमाने विचारलं, जे मी धरूनच चालले होते. "मालक, एक विचारतो. हिला ही पानं कुठे भेटली?"

मी पिशवीतून डबा काढला, कागद सोडवला आणि टेबलावर पसरला. तेलाने पारदर्शक झालेला, घड्यांवर फाटलेला, सासऱ्यांच्या पेन्सिलीच्या खुणांनी भरलेला सातवा फर्मा.

"आय टुक इट फ्रॉम यू," मी मुकादमाला म्हटलं. मग मालकांना आपल्या भाषेत सांगितलं, "रद्दीतला नेला. दोन वर्षांपूर्वी. विचारलं असतं तर दिला नसता."

मालकांनी तो कागद दोन्ही बाजूंनी उलटून बघितला. "नियम सगळ्यांना एकच आहे," ते म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

बाई माझ्याकडे बघून काहीतरी विचारत होती, बहुतेक काय झालं असं. 'त्यांनी ते माझ्याकडून काढून घेतलं' हे वाक्य माझ्याजवळ होतं, पान एकशे सात. मी ते वापरलं नाही. तिच्याकडून शिफारस मागून जागा मिळवायला मी बोलले नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत मावशी माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या डब्यातलं थोडं खाल्लं, तिच्यातलं मला दिलं.

"त्यातलं एखादं वाक्य मला शिकव," ती म्हणाली.

"कोणतं?"

"ज्याने समोरच्याला बोलावं लागतं."

मी शिकवलं. तीन शब्दांनंतर ती अडखळायची, पण मी तिच्या घड्या उलगडत बसले नाही. तिची तीच पुन्हा घालत होती.

संध्याकाळी घंटा झाली. मी फाटकाशी रांगेत शेवटी होते, कारण जागा आवरत बसले होते. आवरण्यासारखं काही नव्हतं, तरी. पहारेकरी पिशव्या उघडत होता आणि मुकादम आज स्वतः शेजारी उभा होता. रांगेत सगळ्यांत पुढे मावशी. तिने पिशवी उघडायची वाट बघितली नाही. डबा काढून हातावर धरला. डब्याभोवती एक अख्खा फर्मा गुंडाळलेला, सुतळीने नीट बांधलेला.

"हे काय?" मुकादम म्हणाला.

"कागद."

"कागद बाहेर नेला तर काय होतं माहीत आहे ना?"

"एकतीस वर्षं माहीत आहे."

"मग?"

मावशीने घसा साफ केला. "एक्सप्लेन इट टू मी," ती म्हणाली. सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत.

मुकादमाने तिच्या मागच्या बाईकडे बघितलं. तिच्याही डब्याला फर्मा. तिच्या मागचीच्याही. टेबलाखालचा ढीग मला दुपारी बसका का वाटला होता ते तेव्हा कळलं. दहा डबे होते, दहा कागद. आणि जिन्याखाली आठ हजार पुस्तकं पडली होती, जी आता एकेक उसवून, पुन्हा लावून, पुन्हा शिवायची होती. ती शिवणार कोण, हे मुकादमालाही कळत होतं आणि वरच्या खिडकीत उभ्या असलेल्या मालकांनाही.

मावशी हलेना. रांग हलेना. पहारेकऱ्याने पिशव्यांत हात घालायचं सोडून दिलं आणि कान खाजवत बसला.

"जाऊ दे त्यांना," वरून आवाज आला. थोडं थांबून, "सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेले. ये असं कुणी म्हणालं नाही, जा असंही नाही. माझ्या जागेवर उसवायच्या पुस्तकांचा गठ्ठा ठेवलेला होता. मुकादम नाकासमोर बघून गेला. पुढे वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही, आणि मला त्याचं चुकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

मावशीने तिचा फर्मा घरी भिंतीला लावायचं ठरवलं. कोणता होता कोण जाणे, ढिगातला हाताला लागला तो. चार खिळे पदरात बांधून ती मला विचारायला आली, की वरची बाजू कोणती.

मी म्हटलं, "कशीही लाव मावशी. निम्मा सुलटाच येतो."